पळी पळी तैला

चाळीसगावच्या घरातून निघताना मायने स्वतःची पिशवी स्वतः भरली. दोन लुगडी, शुगरच्या गोळ्या, फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकरी, ठेच्याची डबी, आणि सगळ्यात शेवटी एक काचेची बाटली. जुन्या टॉनिकची, गळ्याशी सुतळी गुंडाळलेली. बाटलीत तिळाचं तेल होतं. "सांडेल ना माय," मी म्हटलं. "वाटेत कुठेही विकत मिळेल." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बाटली लुगड्यांच्या मधोमध उभी बसवली.

ती बाटली बाबांची. दर शनिवारी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीच्या दिव्यात ते तिच्यातून तेल घालायचे. गेल्या वर्षी बाबा गेले. त्यानंतरचा पहिलाच शनिवार आला, तेव्हा माय काही न बोलता बाटली घेऊन बाहेर पडलेली मी खिडकीतून पाहिली होती. खानदेश हिंडून यायचं, हे बाबांचं वीस वर्षांचं बोलणं. शेतीची कामं, लग्नकार्यं, मग आजारपण, असं करत ते राहून गेलं. म्हणून यंदा मार्गशीर्षात, दत्तजयंती धरून, आम्ही आठ दिवस काढले. मी, माय, आणि गाडी चालवायला माझा भाचा.

पहिला मुक्काम लांबचा नव्हताच. पाटणादेवीला चाळीसगावची माणसं इतक्या वेळा जातात की ते 'बघायचं' ठिकाण आहे, हेच विसरतात. मीही लहानपणी तिथे फक्त नवस फेडायला आणि धबधब्याखाली भिजायला गेले होते. यावेळी वही घेऊन गेले. सातमाळ्याच्या डोंगरांनी तीन बाजूंनी कवेत घेतलेली ती जागा, सागाची पानं गळायला लागलेली, डोंगरी नदीत जेमतेम पाणी. उंच जोत्यावर चंडिकेचं काळ्या दगडाचं देऊळ. माय पायऱ्या चढून आत गेली आणि मी बाहेर ओट्यावर बसून तिच्यासाठी लिहून आणलेलं पान उघडलं.

याच पाटणात एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. शके ११२८ चा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे एक मठ काढला. सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातले इतर ग्रंथ तिथे शिकवायचे होते. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं, तेही श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणाच्या वेळी दान! ज्या कोणी तो मुहूर्त सुचवला असेल, त्याच्याबद्दल मला फार प्रेम वाटतं.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. राजांची वंशावळ, पंडितांची कुळं, कोणी कोणाला वादात हरवलं ते. मग दानाचा प्रत्यक्ष तपशील येतो तेव्हा भाषा बदलते आणि लेख मराठीत बोलू लागतो. बाजारातल्या माणसाला कळलं पाहिजे ना! या पाटणात जो माल उघडला जाईल त्यावर राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला. पोफळं किती, ते सांगितलं. इथे जे मोजायचं ते मठाच्याच मापाने मोजायचं, हेही बजावलं. आणि मग हे वाक्य: 'जेती घाणे वाहाति तेती प्रति पळी पळी तैला.' जितके घाणे चालतात, त्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल.

माय बाहेर आली तेव्हा मी तिला ते मोठ्याने वाचून दाखवलं. आठशे वर्षांपूर्वीची मराठी, पण तिला अर्थ सांगावा लागला नाही. तिची अहिराणी आणि लेखातली ती भाषा एकमेकींना ओळखत असाव्यात. पदर सारखा करत ती म्हणाली, "पंडित झाया तरी पोट शे ना बाई. दिवाले तेल लागसच."

भास्कराचार्यांनी आपलं जन्मसाल शके १०३६ असं स्वतः लिहून ठेवलंय. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यांचं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला होतं, एवढं त्यांच्याच श्लोकात आहे. ते नेमकं कुठलं, यावर विद्वानांत वाद आहे. पाटणाचा माणूस म्हणून मला वाटतं ते इथलंच असावं, पण त्या वादात मी पडत नाही. जन्म कुठेही झालेला असो. त्यांचं गणित पुढच्या पिढ्यांनी शिकावं म्हणून ज्या तेल्यांनी पळी-पळी तेल दिलं, ते तर नक्की इथलेच. त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. मठात बसून ग्रहगतीची उदाहरणं सोडवणारी मुलं, मधोमध समई, आणि त्या समईतलं तेल बाजारपेठेतल्या घाण्यावरून आलेलं. हे चित्र त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढून गेलं नाही.

पाटण्याची माणसं त्याच्याही फार आधीची आहेत. १९७२-७३ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ डॉ. साळी यांनी या परिसरात उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. त्यांतल्या एकावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली. साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीची. खानदेशात शहामृग होते आणि त्यांच्या कवचांचे मणी करून घालणारी माणसं होती! भाच्याने हे ऐकून गाडी बाजूला घेतली आणि उतरून नदीच्या पात्रात खाली बघत हिंडला. काही मिळणार नव्हतं, पण मी त्याला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कन्नडचा घाट चढून पितळखोऱ्याला गेलो. जिल्हा छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, पण कड्यावर उभं राहिलं की खाली सगळा खानदेश दिसतो. म्हणून मी ते आपलंच धरते. मायचे गुडघे पायऱ्या उतरण्याइतके राहिले नाहीत. ती वर झाडाखाली बसली, मी आणि भाचा खाली गेलो. इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली लेणी. दगड ठिसूळ, बरंच ढासळलेलं. तरी दारापाशी जोत्यावर हत्तींची रांग अजून अंगाने ओझं पेलत उभी आहे, आणि दोन द्वारपाल. लेण्यांचा खर्च ज्यांनी उचलला त्यांत पैठणचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे आणि एक राजवैद्य आहे. इथे सापडलेला हसरा, बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर करणाऱ्याचं नाव कोरलंय: कण्हदास, सोनार. देवाच्या हातावर आपलं नाव कोरायची परवानगी एका सोनाराला मिळाली, ते शतक मला आवडतं. वर येऊन मायला हे सांगितलं तर तिला सोनाराचं फारसं वाटलं नाही. तिने विचारलं, "वैद्य बी व्हता?" बाबांच्या शेवटच्या वर्षात आम्ही किती डॉक्टर पालथे घातले, ते तिच्या मनात आलं असणार. बराच वेळ ती काही बोलली नाही.

जळगाव आम्ही मुक्कामापुरतं केलं. पण रात्री रथाच्या गोष्टी निघाल्याच. कार्तिकी एकादशीचा श्रीराम रथ १८७२ पासून निघतो. अप्पा महाराजांनी सुरू केलेला. माझी आत्या तिथे दिलेली, त्यामुळे लहानपणी दोन-तीनदा तो बघितला. मला सगळ्यात जास्त आठवतात ते चाकांखाली मोगरी लावणारे. एवढा अवजड रथ, उतारावर वेग घेतला तर आवरणार नाही. अशा वेळी पळत येऊन चाकापुढे लाकडी मोगरी सरकवायची आणि पाय काढून घ्यायचा. रथावरच्या मूर्तीकडे सगळ्यांचे हात जोडलेले असायचे. मी मात्र त्यांचे पाय बघत असायचे. रथ भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो आणि तिथे चादर चढते. अप्पा महाराज आणि लालशा बाबा मित्र होते, असं आत्या सांगायची. ती त्याला एकोपा वगैरे काही म्हणायची नाही. "मैतरच्या दारावरून कोन तसाच जाई?" एवढंच म्हणायची.

चांगदेव आणि मुक्ताई यांच्यासाठी मात्र आम्ही पूर्ण दिवस ठेवला होता.

तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथे चांगदेवाचं देऊळ उभं आहे. हा चांगदेव पाटणच्या मठाचा नव्हे, योगी चांगदेव. चौदाशे वर्षं जगला म्हणतात. हतनूर धरणाचं पाणी इथवर फुगतं, त्यामुळे संगम आता एखाद्या सरोवरासारखा रुंद दिसतो. देवळाला शिखर नाही. नुसता दगडी पसारा, भिंतींना इतके कोन की सकाळच्या उन्हात एकाच भिंतीवर सावलीच्या दहा पट्ट्या पडतात. दारशाखेवरचं कोरीवकाम बघत मी किती वेळ उभी होते, कळलं नाही.

इथे माझं आणि मायचं भांडण झालं.

मंडपाजवळच्या एका झिजलेल्या मूर्तीला लोकांनी शेंदूर आणि तेल लावलेलं होतं. कोणती देवता ते आता ओळखू येत नव्हतं, कारण तेलावर धूळ, धुळीवर तेल, असा थर साचून नाक-डोळे सगळं बुजून गेलेलं. मायने बाटली काढली आणि झाकण उघडलं. मी तिचा हात धरला. दगडाला तेल लावू नको, हे संरक्षित देऊळ आहे, तेलाने दगड खराब होतो, ज्याने हे कोरलं त्याची बोटं या थराखाली मरतात, असं बरंच काही मी बोलले. माझा आवाज चढला. शेजारच्या बायका बघायला लागल्या. मायने झाकण लावलं आणि ती संगमाच्या बाजूला पायऱ्यांवर जाऊन बसली.

तिला माझं म्हणणं पटलं नव्हतं असं नाही. तिला लागलं ते वेगळंच होतं, आणि ते तिने तासाभराने सांगितलं. "तुले वाटस आम्ही देव खराब करतस. मंग इतला वरीस हाऊ देव कोनी सांभाळा?"

मला उत्तर देता आलं नाही. पुरातत्त्वाचा निळा फलक लागला तो गेल्या शे-सव्वाशे वर्षांतला. त्याआधीची सगळी शतकं हे देऊळ महाशिवरात्रीच्या यात्रेने, गावच्या गुरवाने आणि असल्याच तेलाच्या बाटल्यांनी उभं राहिलं. माणसांचा राबता ज्या देवळांतून गेला, त्यांचे दगड लोकांनी गोठ्याला आणि विहिरीला नेले. खानदेशातल्या कितीतरी गावांत उकिरड्याच्या कडेला कोरीव खांब पडलेले मी पाहिलेत. आणि तेल फासण्याचा दोष एकट्या मायसारख्यांवर तरी का घालावा? अजिंठ्याच्या चित्रांना मागच्या शतकांत शिकल्यासवरल्या लोकांनी, चांगल्याच हेतूने, वार्निश फासलं. रंग उठून दिसावेत, नकला नीट काढता याव्यात म्हणून. ते वार्निश पुढे पिवळं पडलं आणि पोपडे धरायला लागलं.

त्याच दिवशी परतताना भुसावळात मेजर रॉबर्ट गिलच्या कबरीशी थांबलो, ते याच विचाराने. १८४४ पासून या माणसाने अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलरंगात नकला केल्या. आयुष्यातली कितीतरी वर्षं त्या लेण्यांत घालवली. त्या नकला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. १८७९ साली तो वारला आणि इथे भुसावळात पुरला गेला, रेल्वेच्या गावात. एवढं काम आणि एवढी राख. मायने त्याची गोष्ट ऐकली आणि विचारलं, "परत काढ्यात का त्याने?" पुन्हा काढायला लागला होता, हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, जशी ती पीक बुडाल्यावर पुन्हा पेरणाऱ्याबद्दल ऐकून हलवते.

पण मी मुक्ताईबद्दल सांगत होते. एदलाबादचं आता मुक्ताईनगर झालंय. कोथळीचं जुनं देऊळ, तापीकाठचं मेहुण, हा सगळा मुक्ताईचा प्रांत. शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, वैशाखात वीज कडाडली आणि ती त्यात लोप पावली, असं परंपरा सांगते. तिचं वय तेव्हा अठराच्या आसपास. ज्ञानदेव आणि सोपानदेव या भावांच्या समाध्या झालेल्या, ही सगळ्यात धाकटी, पार उत्तरेला तापीच्या काठी येऊन थांबली. चौदाशे वर्षांच्या चांगदेवाने ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतलं, पण 'चिरंजीव' लिहावं की 'तीर्थरूप' ते ठरेना, म्हणून कोराच कागद पाठवला. तो बघून ही म्हणाली, चौदाशे वर्षं झाली तरी कोरा तो कोराच! त्या कोऱ्या कागदाचं उत्तर म्हणून पासष्ट ओव्या झाल्या. पुढे चांगदेवाने गुरू केलं ते या मुलीलाच. आषाढीला पंढरपूरला सर्वांत लांबून चालत जाणाऱ्या पालख्यांत मुक्ताईची पालखी आहे. महिनाभराहून जास्त वाट. मुक्ताई तिथे पोचते ती भावंडांची भेट घ्यायला.

मंदिरात माय मूर्तीकडे बघत म्हणाली, "आपली पोर शे ही." आमच्या घरी कुठल्याही मुलीने मोठ्या माणसाला चोख उत्तर दिलं की बाबा म्हणायचे, आली मुक्ताबाई. ते रागाने नसायचं.

त्यावरून आठवलं ते कानबाईचं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, दागिने घातलेली, नथ घातलेली. भाऊबंदकी सगळी एका घरी गोळा होते. रोटासाठी गहू दळायचे ते घरातल्या पुरुषांची नावं घेऊन, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. पुरणाचे दिवे, खीर, गंगाफळाची भाजी. सोमवारी सकाळी बाया नाचत-गात देवीला नदीवर नेतात. खानदेशी माणूस सुरतला असो की पुण्याला, त्या दोन दिवसांत घरी येतो. मला त्या सणाचं सगळं आवडतं. फक्त एक सोडून. माझ्या नावाचे गहू कधी मोजले गेले नाहीत. लहानपणी मी विचारायचे तेव्हा आजी म्हणायची, तुझे तुझ्या घरी. लग्न झालं, तिथेही नाहीत. यंदाच्या श्रावणात बाबांची मूठ कमी झाली. मायने परातीत गहू टाकताना त्यांच्या नावापाशी हात थांबवला, आणि मग ती मूठ टाकलीच. कोणाच्या नावाने ते ती बोलली नाही, आणि जावांपैकी कोणी विचारलंही नाही. मी माझ्यापुरतं समजून घेतलं.

पश्चिमेला निघालो तशी तापी सोबतीला आली. या नदीच्या काठाने किती जुनं नांदतं आहे, ते वरून कळत नाही. सावळदे या तापीकाठच्या साध्या गावाच्या नावाने पुरातत्त्वात एक अख्खी संस्कृती ओळखली जाते. चार हजार वर्षांपूर्वीची खापरं, त्यांवर प्राण्यांची आणि हत्यारांची चित्रं. प्रकाश्याला १९५५ मध्ये टेकाड खणलं, तेव्हा तिथेही तांब्या-दगडाच्या काळापासूनच्या वस्तीचे थर मिळाले.

वाटेत अमळनेरला बोरीच्या पात्रातली सखाराम महाराजांची समाधी झाली. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात शिरायचं मनात होतं, पण सुट्टीचा दिवस निघाला. बलसाण्याला जुन्या दगडी देवळांचा समूह आणि त्याच गावात विमलनाथांचं जैन तीर्थ, एकीकडे काळा पाषाण, दुसरीकडे पांढराशुभ्र संगमरवर. तीर्थाच्या भोजनशाळेत मायला गरम मूग आणि फुलके मिळाले. त्या गावाबद्दल ती आजही तेवढंच आणि भरभरून बोलते.

थाळनेरला मात्र पाय अडकले. इथून फारुकींचं राज्य सुरू झालं. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली आणि त्याच्या वंशाने १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत, दोनशेहून जास्त वर्षं, हा मुलूख राखला. खानदेश हे नावही त्यांच्या 'खान' किताबावरून आलं, असं बरेच जण मानतात. मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याच्या आणि पुढच्या तीन सुलतानांच्या कबरी इथेच, गावाबाहेर. एक घुमट आठ कोनी, भिंतींवर वळणदार अक्षरं कोरलेली, इतकी नाजूक की दगडावर विणकाम केल्यासारखं वाटतं. किल्ल्याचा बुरूज तापीकडे झुकलेला. याच किल्ल्यावर २७ फेब्रुवारी १८१८ ला इंग्रजांनी आतल्या अरब शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. नदीचा घाट आहे तिथे उभं राहून हे वाचलं तेव्हा भाचा म्हणाला, "फुई, हे आम्हाला पुस्तकात नव्हतं." आमच्याही नव्हतं.

घुमटाच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. मायने आत डोकावलं. "हाई कोन?" मी म्हटलं, राजे. ती बाटलीशी चाळा करत उभी राहिली. मला वाटलं आता ती दिवा लावणार. पण तिने बाटली पिशवीत परत ठेवली. "आपलाले त्यासनी रीत माहीत नही," ती म्हणाली. मग शेळ्या राखणाऱ्या पोऱ्याला तिने विचारलं, इथे कोणी येतं का रे? येतात, तो म्हणाला, गुरुवारी गावातले एक चाचा उदबत्ती लावून जातात. तिने कनवटीच्या चंचीतून वीस रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले, चाचांना उदबत्तीसाठी दे म्हणून. पोऱ्या देईल की नाही याची शंका तिच्या चेहऱ्यावर नव्हती, आणि म्हणून मीही ती धरली नाही.

सारंगखेड्याला दत्तजयंतीची गर्दी अफाट. एकमुखी दत्ताचं दर्शन दोन तासांनी झालं आणि त्यानंतर घोडेबाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे, कानांची टोकं एकमेकांना टेकणारे. भाच्याला तिथून ओढून काढावं लागलं.

शेवटचा मुक्काम प्रकाशा. तापी आणि गोमाईचा संगम, आमच्याकडची दक्षिण काशी. केदारेश्वर, काशीविश्वेश्वर, आणि गौतमेश्वर, जिथे गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षांनी मोठी यात्रा भरते. बाबांच्या अस्थींचा थोडा भाग मायने इथे सोडायचा म्हणून जपून ठेवला होता. हे तिने मला आदल्या रात्रीपर्यंत सांगितलं नव्हतं. गुरुजींनी विधी केला. बॅरेजमुळे पाणी संथ होतं, राख बराच वेळ एका जागी तरंगत राहिली. मायने दिवा लावून द्रोणात सोडला आणि बाटलीतलं उरलेलं तेल त्यात ओतलं. तळाशी थोडं ठेवलं.

ते कोणासाठी ठेवलं, हे तिने उत्तरेकडे बोट दाखवून सांगितलं. तिथे सातपुडा निळा पसरला होता. धडगावच्या बाजूला अस्तंभ्याचा डोंगर आहे. दिवाळीत तिथे अस्तंभा ऋषीची यात्रा भरते. हजारो माणसं, बहुतेक आदिवासी, रात्रभर डोंगर चढतात. हा ऋषी म्हणजे अश्वत्थामा. कपाळावरचा मणी उपटून घेतल्याची जखम त्याला अजून आहे, ती भरत नाही, आणि तो रानात वाटसरूंना जखमेवर लावायला तेल मागत फिरतो. या डोंगरांतल्या लोकांचे देव आमच्यासारखे फारसे देवळात नसतात. याहा मोगी माता धान्यात असते, काठी गावच्या होळीत उंच बांबूच्या रूपाने उभी असलेली शक्ती असते. आणि त्याच डोंगरावर, त्याच लोकांनी, महाभारतातल्या सगळ्यांनी टाकलेल्या माणसाला जागा दिली. त्याने द्रौपदीच्या मुलांना झोपेत मारलं, त्याची शिक्षा त्याला मिळाली. तरी तो दारात आला तर तेल नाही म्हणायचं नाही. मागच्या दिवाळीत भाचा मित्रांबरोबर गेला होता तेव्हा आजीने त्याच्या खिशात तेलाची डबी घातली होती. "दिलं का रे?" तिने आता विचारलं. "शिखराजवळच्या दगडावर ओतलं आजी," तो म्हणाला. माझ्याकडे बघून त्याने जीभ चावली. मी काही बोलले नाही.

घरी पोचलो तो शनिवार. संध्याकाळ व्हायला आली होती. पिशव्या उतरवायच्या आधीच मायने मला बाटली देऊन स्टेशनरोडच्या मागच्या गल्लीत पिटाळलं. तिथे दोन वर्षांपूर्वी एकाने लाकडी घाणा पुन्हा सुरू केलाय. बैलाच्या जागी मोटार आहे, पण लाट लाकडाचीच, आणि ढेपेचा वास लांबूनच येतो. बाबांची बाटली त्याने ओळखली. आठ दिवस दिसल्या नाहीत आजी, म्हणाला. मी सांगितलं, कुठे कुठे जाऊन आलो ते. ऐकत ऐकत त्याने तेल मोजलं, बाटली गळ्यापर्यंत भरली, सुतळी पुसली.

मी पैसे काढत होते. त्याने मापाच्या भांड्यातून पितळी पळी भरून काढली आणि बाजूला ठेवलेल्या एका काळपट डब्यात रिकामी केली. डबा अर्ध्याच्या वर भरलेला होता.

"हे कशाचं?" मी विचारलं.

"मारुतीचं," तो म्हणाला. "प्रत्येक घाण्यामागे एक पळी. आमच्या आजोबांपासून आहे."

आणि पुढच्या गिऱ्हाइकाची बरणी त्याने हातात घेतली.